कलम चौदा

ग्रंथालयाच्या तळघरात, हीटरच्या घरघरीत
कलम चौदाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेलेले.
बाहेर सुपिरिअर सरोवर गोठलेलं.
इतिवृत्त माझ्याकडे.

शहराचा वकील सभ्य माणूस. म्हणाला,
सेवाकालाचा भत्ता, पाच वर्षं भरली त्यांना राहील.
बाकीच्यांना नाही.
आणि तसंही, विसाव्या वर्षी माणूस
तेच काम करतो ना, जे पहिल्या वर्षी?

कोस्केला, पाणीखातं, एकतीस वर्षं,
उत्तर द्यायला वेळ लावतो.
म्हणाला, टॅमरॅक रस्त्यावरचा व्हॉल्व्ह
उलटा फिरतो.
नकाशात तसं नाही.
ज्यांनी बसवला ते सगळे टेकडीवर पुरलेत.

वकिलाने टिपून घेतलं.
"झालं, आता लिहिलं गेलं."
"बाकीचे चाळीस विचारले नाहीत तुम्ही."

ब्रिन गप्प. नोकरीला अकरा महिने.
कागदी कपाची कड दातांनी कुरतडत होती.
जुन्यांपैकी तिघं तिच्याकडे बघत नव्हते.
मीही नाही. माझी एकोणीस भरलीत.

पाऊण वाजता फोन. मुख्य वाहिनी फुटली,
उणे बावीस, शाळेसमोर पाण्याचा बर्फ होतोय.
दोघं उठले. लांब लोखंडी चावी
त्याने तिच्या खांद्यावर दिली.
जिन्यातून ऐकू आलं,
"उलटी, लक्षात ठेव. अर्ध्यावर अडली तर
जोर नको लावूस. थांब. ती आपणहून सुटते."

दोन खुर्च्या रिकाम्या.
मी लिहिलं: बैठक तहकूब, बारा अठ्ठेचाळीस.
कलम चौदा शिल्लक.
मग पेनाला टोपण लावलं
आणि त्या तिघांकडे बघितलं.