आवाज : इलियासकडून

वही जुनीच आहे, कारखान्यातली,
नक्षीच्या आलेख-कागदाची.
चादरीवर मोर कुठे वळणार, तुरा कुठे संपणार
हे ज्या चौकोनांत मी एकतीस वर्षं भरलं
त्याच चौकोनांत आता किडे.

मृग, दुसरा दिवस. विडी घरकुलामागचा माळ.
लाल मखमलीचा ठिपका मुरमावरून चालत निघालेला.
लिहिला. मग पाय मोजले : आठ.
सगळे किडाच म्हणतात त्याला, पण हिशोबात बसेना.
खोडला.
दारात आलेल्या पाहुण्याला
घर चुकलं म्हणून परत लावल्यासारखं वाटलं.

मघा. तरवडाच्या फुलांवर हिंगे, तीन.
बिरूच्या मेंढ्यांमागे शेणकिडा, उलटा होऊन गोळी ढकलणारा.
कुसळात नाकतोडा, मुरमाच्याच रंगाचा, बिनपंखी.
पुढे ‘दुर्मिळ’ लिहून दोनदा अधोरेखित केलं.
बिरूने वाकून पाहिलं.
‘ह्यो? ह्यो तर आमच्या घोंगडीत रोज असतुया.’
मग खाली बारीक अक्षरात :
बिरूच्या घोंगडीत रोज.

डोळे अजून चांगले आहेत माझे.
कान गेले.
तसे सगळे नाहीत. भोंगा ऐकू येतो,
अक्कलकोट रोडचा ट्रक येतो, बायकोचं बोलणं
तिच्या मते मुद्दाम येत नाही.
सुईच्या टोकाएवढा वरचा आवाज तेवढा
मागांनी नेला, धोट्या-धोट्याने.
रातकिड्याला आई आमच्या तेलुगूत कीचुराई म्हणायची.
तो शब्द येतो ऐकू.
कीचुराई येत नाही.

म्हणून इलियास. पंक्चरवाल्या बशीरचा, सहावीतला.
संध्याकाळी बॅटरी घेऊन तो पुढे, मी मागे.
‘चाचा, थांबा.’
त्याने हात वर केला की मी श्वास धरतो.
का धरतो, देव जाणे.
मग तो माझ्या मनगटावर बोटाने वाजवून दाखवतो :
तीन जलद, जरा थांबा, तीन जलद.
मी चौकोन भरतो, काळे, कोरा, काळे,
आणि कडेला लिहितो, आवाज : इलियासकडून.

उत्तरेत एक नवाच निघाला.
पाच, दोन, पाच. मग इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं पोरगं विसरलं.
पुन्हा पाच, दोन, पाच.
ओढ्याकडच्या एकाच बाभळीच्या बुंध्याशी.
हा काठ मी कुठल्या तरी टॉवेलला घातलेला आहे,
हे अजून डोक्यातून जात नाही.
अकरा रात्री गेलो. तो दिसला नाही.
पुण्याच्या मॅडमना कागद पाठवला.
त्यांनी प्रेमाने कळवलं, आकृती फार सुंदर,
पण एवढ्यावरून जात सांगता येणार नाही,
मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा.
केलं. नीट झालंय ना म्हणून
फोन मी कानाला लावून पाहिला.
इलियास माळावर आडवा पडून हसला.
मीही. फोनमध्ये म्हणे नुसता वारा होता.

हस्त. चित्रा. गवत पिवळं, कुसळं धोतरात.
नाकतोडा पुन्हा नाही. बिरू कळप घेऊन खाली गेलेला,
त्याची घोंगडी विचारणार कुणाला?
स्वातीनंतरच्या नक्षत्रांची पानं मी आखलीच नव्हती,
नुसतं मार्गशीर्ष लिहिलं.
बाभळीपाशी बसलो, बॅटरी बंद करून.
इलियासचं बोट माझ्या मनगटावर टेकलेलं,
गार, हलत नव्हतं.
‘काही नाही, चाचा.’
‘कुठलाच?’
‘कुठलाच.’

मी विचारलं, कसं असतं रे ते, काहीच नसणं?
तो बराच वेळ विचारात पडला.
‘कानात बारीक शिट्टी वाजते,’ म्हणाला.
माझ्याही वाजते. बावीस वर्षं.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बॅटरी लावली. तारीख टाकली.
चौकोन एकही भरला नाही.
कडेला लिहिलं :
आवाज, शिट्टी. दोघांकडून.