तिसरा सिलिंडर

एकशे साठ. एकशे पंचावन्न. सत्तर.
यासीनभाई गेजवरचे आकडे वाचतात,
मी जुन्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेते.
तिसऱ्यात दम नाही.

मग प्लगच्या भोकात ते चमचाभर ऑइल सोडतात,
हट्टी पोराला औषध पाजावं तसं,
आणि मला पुन्हा सेल्फ मारायला लावतात.
एकशे वीस.
"म्हणजे वाल्व्ह बरे आहेत, रिंगा गेल्या.
बेन, एन्जिन ज बदली नाखो."

छाणी जकातनाक्यापलीकडे भंगारात एक पडलंय,
फिटिंगसकट अठरा हजार.
आहे तेच उघडून बोअर मारायचं तर बावीस,
वर आठ दिवस.
आणि अख्खी गाडी विकायला काढली
तर पंचवीस कुणी देणार नाही.

हिशेब इतका सरळ
की मला त्याचाच संशय येतो.

ते भंगारातलं इंजिन मी पाहून आले.
पुसून ठेवलेलं, नंबर समोर दिसेल असं.
कुणाचं, विचारलं.
अपघाताची गाडी होती, पोरगा म्हणाला,
पण याला ओरखडासुद्धा नाही.

आमच्याचं सगळं मला पाठ आहे.
प्रतापनगरच्या पुलावर, चढात,
हाफ क्लच शिकणाऱ्यांनी खाल्लेली त्याची वर्षं.
इनामदारबाईंनी तिसऱ्याऐवजी पहिला टाकला
तेव्हा असं किंचाळलं
की रावपुऱ्याच्या टॉवरवरची कबुतरं उडाली.
डॉक्टर आंग्रे एकसष्टाव्या वर्षी शिकायला आले.
ऑइलचा लाल दिवा लागला होता हो, म्हणाले,
मला वाटलं, हेडलाइटचा असेल.
त्या दिवशी मी शेजारी बसून
त्यांच्या मुलीच्या लग्नाचं ऐकत होते.
तीही चूक रजिस्टरात नाही.

रजिस्टरात अकराशे चाळीस नावं आहेत.
मोहिते ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड उतरवला,
आता ओळखीतलेच येतात,
कुणाची सून, कुणाचा रिटायर झालेला भाऊ.
तृप्तीचं रिव्हर्स तेवढं राहिलंय.
रोज फोन करते: काकी, गाडी झाली?

मकरपुऱ्याला करसनकाकांच्या लेथजवळ
ब्लॉक उताणा पडला होता.
तीन भोकं, आत छताची ट्यूबलाइट.
काकांनी गेज घातला, फिरवला, चष्मा कपाळावर नेला.
हे एकदा मारलेलं आहे.
हो, म्हटलं, विश्वामित्रीचं पाणी गल्लीत आलं त्या साली.
मग आता पन्नासचा पिस्टन बसेल.
आणि नंतर?
नंतर भिंत उरत नाही, बेन.

मला वाटायचं, दुरुस्ती म्हणजे काहीतरी भरणं.
इथं तर उलटंच.
एका बाजूनं झिजून लंबगोल झालेलं
सगळीकडून झिजवायचं,
पुन्हा नीट गोल होईपर्यंत,
मग त्या मोठ्या पोकळीच्या मापाचा
पिस्टन आणायचा.
आणि हे असं दोनदा. फार तर दोनदा.

मी बोट आत घातलं.
तिसऱ्याच्या वरच्या कडेला
नखाला लागेल न लागेल अशी पायरी होती.
तिथवर येऊन पिस्टन परत फिरायचा,
सत्तावीस वर्षं, तिथूनच.

"मारा," मी म्हटलं.
यासीनभाई काही बोलले नाहीत,
पान थुंकायला बाहेर गेले.
काकांनी पाच हजार ॲडव्हान्स मागितला,
मोजून गल्ल्यात टाकला,
आणि खडूनं ब्लॉकवर लिहिलं: मोहीते, सोमवार.
ह्रस्व-दीर्घ मी दुरुस्त केलं नाही.

निघताना हाक मारून म्हणाले,
पहिले हजार किलोमीटर
चाळीसच्या वर नेऊ नका हं,
रिंगा बसायला वेळ लागतो.

काका, म्हटलं,
ही चाळीसच्या वर गेलीय कधी?