हातच्या कांकणाला

ह्यूस्टनला, बेलेअर रस्त्यावर,
डोनटच्या दुकानाला लागून नखांचं दुकान.
आत शिरलं की आधी घशाला कळतं, मग नाकाला.

मी पिशवीतून पट्टी काढली. सिलिकॉनची, राखाडी,
शर्यतीत धावणाऱ्यांना फुकट वाटतात तसली.
दीएपनं डावं मनगट पुढं केलं,
उजव्या हातात कानस तशीच.
"सात दिवस," मी म्हणाले.
"आंघोळीत, झोपेत, भांडी घासताना. काढायची नाही."
"आणि ही काय करते?"
काही करत नाही. नुसती मुरते.

कैरीच्या लोणच्याचं तोंडावर आलं होतं,
पण तिला मुळ्याच्या बरणीचं सांगितलं.
मुळा काही करतो का? बसून राहतो,
आणि आठवड्यात बरणीतलं सगळं त्याच्यात उतरतं.
हे तिला पटलं. फ्रीजमध्ये तिच्या होतीच एक.

मग पट्टी हिंडली तिच्याबरोबर.
अ‍ॅसिटोनच्या वाटीवर वाकली,
घासलेल्या नखांच्या पांढऱ्या भुकटीत बसली,
लग्न तोंडावर आलेल्या मुलीचे दहा गुलाबी,
रात्रपाळीहून आलेल्या नर्सचे बिनरंगी,
आणि दर गुरुवारी येणारा तो निवृत्त बसड्रायव्हर,
ज्याला स्वतःच्या अंगठ्यापर्यंत वाकता येत नाही.
मागच्या खोलीत डबा उघडला तेव्हाही ती होती.
पंखा दारावर आहे, पण तो हवा आतच ढकलतो.

आठव्या दिवशी मी फॉर्म घेऊन बसले.
प्रश्न अकरावा: पट्टी काढली होती का?
तिनं दाराकडं पाहिलं.
"गुरुवारी. रात्री."
किती वेळ?
"नऊ तास. लहान मुलांना घेत नाही म्हणालात तुम्ही.
ख्वे झोपल्यावर तिच्या पायात घातली,
मनगटातून निसटत होती.
दुकानातून गेले की हेच कपडे, हेच केस,
आणि ती येऊन बिलगते.
म्हटलं, बघू तरी."

मी लिहिलं: होय. नऊ तास.
पुढं 'कारण' असं होतं,
आणि कारणाला जागा अर्ध्या बोटाची.

पट्टी चांदीच्या कागदात, कागद पिशवीत,
पिशवी बर्फात, बर्फ विमानात.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ना?
या कांकणाला लागतो. खोलीएवढा,
दिवसरात्र घुरघुरणारा,
आणि तोही चेहरा दाखवत नाही,
फक्त शिखरं काढतो, कागदावर, एकापुढं एक.

चार महिन्यांनी अहवाल आला.
ठिपक्यांची रांग, त्यांतला एक तिचा, डोक्यावर चांदणी.
तळाशी बारीक अक्षरात: सरासरीत धरलेला नाही.
मी ट्रायफिनाइल फॉस्फेटवर बोट ठेवलं.
हे बाकीच्यांपेक्षा वर आहे.
"दुकानातलं?"
नेलपॉलिशमध्ये असतं.
"म्हणजे दुकानातलं."
सोफ्याच्या फोममध्येही असतं.
ती सोफ्याबद्दल विचार करत होती, मला दिसलं.
कुणीतरी फुटपाथवर ठेवलेला,
दोघी मायलेकींनी ओढत आणलेला,
ज्यावर ख्वे झोपते.

"यातलं तिचं किती?" दीएपनं विचारलं. "नऊ तासांचं?"
मुरलेल्या मुळ्यातून मीठ परत काढता येत नाही,
ते तिलाही माहीत होतं.
तरी तिनं कागद दिव्याखाली धरला,
उलटा करून पाहिला,
नोट खोटी आहे का पाहतात तसा.

ख्वे कोपऱ्यात पाय हलवत बसली होती.
"माझं कडं परत आणलं का?"
तिला कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक,
की तिला काहीच सांगावं लागत नाही.
नाही आणलं, म्हणाले. ते तिकडंच राहतं.
तिनं माझं पेन मागितलं,
मोजा खाली केला,
घोट्याभोवती निळी रेघ फिरवली, दोनदा,
आणि नाकाजवळ नेता येईना
म्हणून हात वाकवून, बोटानं ती रेघ पुसून,
बोटाचा वास घेतला.