हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन सांगावं लागतं
की मी आहे.
काळाचौकीच्या शाखेत सकाळी दहाला
'आहोत' म्हणणारे आम्ही सगळे रांगेत,
आणि माझी जुनी खोड, रांग वाकडी दिसली
की हात आपोआप समोर जातो, अंतर घ्यायला.

पुढचे गृहस्थ वळले. मिलिटरीत होता का?
म्हटलं, नाही. पी.टी.चा मास्तर.
'अच्छा,' म्हणाले, आणि पुन्हा पासबुक वाचू लागले.

हा 'अच्छा' माझ्या तेहेतीस वर्षांच्या ओळखीचा.
फेब्रुवारी लागला की स्टाफरूममध्ये याच सुरात
गणिताच्या बाई म्हणायच्या,
तुळसकर, तुमचा तास घेऊ का?
मुलं काय, नुसती खेळणारच ना.
मी देऊन टाकायचो.
मग रिकाम्या मैदानावर रेषा मारत बसायचो,
दोरीचं दुसरं टोक धरायला शिपाई बाळू नाचरे.

अंगठा ठेवा, मशीनवरची मुलगी म्हणाली.
ठेवला. तांबडा दिवा.
पुसून ठेवा. तांबडा.
दुसऱ्या हाताचा. तांबडाच.
'आजोबा, तुमच्या रेषा गेल्यात.'

गेल्या असतील. चुन्याच्या फक्कीत गेल्या.
ती मुठीतून सोडायची असते, अंगठ्याच्या धाकात,
कमरेत वाकून, मागे मागे सरकत.
मधली पाटी, आठ आडव्या, दोन खांब,
दर शनिवारी, पोरी यायच्या आत.
सोमवारी काही उरलेलं नसायचं.

मॅनेजर मॅडमना भेटा, म्हणाली.
काचेवर नाव होतं वैजयंती पाटकर.
आतली बाई उठून उभी राहिली,
म्हणजे उभीच राहिली, टाचा जुळवून.
मी म्हटलं, घाग, विश्राम.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही.
चौऱ्याण्णव साल, नायगावचं मैदान, आंतरशालेय फायनल.
शेवटचं अर्धं मिनिट,
एक गडी टिपला की करंडक आमचा.
घाग तिसऱ्या पाटीवर बसलेली.
खो यायच्या आधी रेषेबाहेरून आवाज आला, ऊठ!
ती उठली. पंचांची शिट्टी. फाउल.
परतताना बसमध्ये, सगळ्यांसमोर, मी तिला विचारलं,
कान आहेत की भोकं?

तो आवाज माझा होता.

तीस वर्षं ते वाक्य मी तोंडात
शिट्टीतल्या दाण्यासारखं फिरवत आलो.
केबिनमध्ये फुंकलं एकदाचं.

ती चष्मा पुसत होती. म्हणाली,
'सर, मला काही ऐकूच आलं नव्हतं.
मी आपली घाबरून उठले.'
आणि लगेच चहा सांगितला,
बिनसाखरेचा, न विचारता.

खरं बोलली की मला वाचवलं, कळेना.
हुलकावणी द्यायला मीच शिकवलेलं पोरींना,
खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे,
आणि डोळे कुठेच नाही.

मग माझं एकेक बोट धरून
ती मशीनवर ठेवत गेली,
पहिलीतल्या पोराला गिरवायला शिकवावं तसं.
तर्जनी नाही. मधलं नाही. अनामिका नाही.
डाव्या करंगळीला हिरवा दिवा लागला.
ह्या एकाच बोटाला मी कधी कामाला लावलं नव्हतं.
'आहात तुम्ही, सर,' ती म्हणाली
आणि शिक्का मारला.

बाहेर खुर्च्यांवर सगळे तसेच,
एकाआड एक उलट तोंडं करून नव्हे,
सगळे एकाच दिशेला बघत.
जाता जाता मघाच्या गृहस्थांच्या पाठीवर
हात पडला माझा, सवयीनं.
ते दचकले, दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून उठू लागले.
'आला का माझा नंबर?'

नाही नाही, म्हटलं. बसा.
हाक आल्याशिवाय उठायचं नाही.