जमिनीकडून

गाडी दोसिंदा चालवते.
माझ्याकडे परवाना आहे तो बोटीचा,
आणि वळण आलं की मी अजूनही ओरडतो, "हळू, पुढे खडक आहे!"
ती म्हणते, "खडक नाही. गाय आहे."

एकेचाळीस वर्षं हा किनारा मी पाहिला तो पाण्यातून,
कठड्यावर कोपर टेकून,
ग्रान सोलला जाताना, ग्रान सोलहून येताना,
बहुतेकदा रात्री.
दीपगृहं मला झपक्यांवरून पाठ :
पंधरा सेकंदांत दोन म्हणजे विलान,
पाचात एक म्हणजे फिस्तेर्रा.
पण दीपगृहाला दार असतं,
दाराला कुलूप असतं,
कुलपाशेजारी कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवलेली असते
हे कळायला साठी उलटावी लागली.

मालपिकाच्या धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या बायका.
एकीनं सुई न थांबवता विचारलं,
"कुणाचा रे तू?"
मी वडलांचं नाव सांगितलं.
तिनं मान हलवली, दोरा दातानं तोडला.
त्या नावाचे दोघेतिघे
पाण्यातच राहिलेत.

लाशेच्या वाळूवर डबा उघडला,
बटाट्याचं जाड ऑम्लेट, पाव,
आणि सुरी घरी विसरलेली.
मी खिशातला चाकू काढला.
"नको. त्याला अजून माशांचा वास येतो."
"येत नाही."
"तुला येत नाही."
हातानंच तोडून खाल्लं.
वाऱ्यानं कागद पळवला, मी मागे धावलो,
आणि ती इतकी हसली
की मी मुद्दाम थोडा जास्त धावलो.

कामारिन्यासमध्ये एक म्हातारी
उशीवर लाकडी फिरक्या खडखडवत लेस विणत होती.
तिनं पट्टी उलटी करून दाखवली :
गाठ कुठे सापडेना.
"चांगल्या कामाला मागची बाजू नसते," म्हणाली.
मी गप्प राहिलो.
दिवसभर मी मागचीच बाजू बघत होतो :
दोरीवरचे पायजमे, गंजलेला ट्रॅक्टर,
दगडी खांबांवरची मक्याची कोठारं,
निलगिरीच्या झाडीत टाकून दिलेला फ्रिज.
मला ती आवडली होती.

मुशियाला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं.
बारमध्ये तीन टेबलं.
गल्ल्यामागची ओब्दुलिया वरही न बघता म्हणाली,
"ये दोसिंदा. नेहमीचंच?"

नेहमीचंच.

काळी कॉफी, तीत बोटभर दारू,
बदामाच्या केकचा कोपऱ्याकडचा तुकडा,
खिडकीजवळची खुर्ची, जिच्या एका पायाखाली
घडी घातलेला पुठ्ठा.
कुणी घातली असेल ती घडी, मला विचारावं लागलं नाही.

माझ्या घशात काहीतरी दाटून आलं.
"इथून माझ्या बोटीचा दिवा दिसायचा?"
ती केकचा चुरा बोटानं टिपत राहिली.
"तुझी वाट मी घरी बघायचे," म्हणाली.
"इथं यायचे ती वाट न बघायला."

बाहेर लाटा खडकांवर काय ते करत होत्या.
एकेचाळीस वर्षांत कितीदा, मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
ओब्दुलिया फडकं खांद्यावर टाकून आली,
माझ्याकडे हनुवटी केली.
"आणि हा?"
दोसिंदानं मला न्याहाळलं,
धुक्यातली होडी आपल्या गावची की परकी
हे ठरवावं तसं.
"माझ्याबरोबर आहे.
त्यालाही तेच दे."

फिस्तेर्राकडे निघालो तेव्हा अंधार पडला होता.
टेकडीमागून आभाळ उजळायचं, विझायचं.
मी मोजू लागलो, एक, दोन, तीन,
आणि ध्यानात आलं, हा उजेड आमच्यासाठी नाही,
तो पाण्यावर असणाऱ्यांचा.
इकडे फक्त गाडीचे दोन पिवळे दिवे,
त्यातला डावा मिणमिणता.
"हळू," मी म्हणालो.
"गाय," ती म्हणाली,
आणि या वेळी खरंच खडक होता.