खाच

शांतवनकाका उजागरे इंग्रजी वाचायचे, लिहायचे नाहीत.
म्हणून घोरपडीच्या रेल्वे क्वार्टरात, रविवारी चर्च सुटलं
की मी त्यांची पत्रं लिहायची.
वय अकरा. मजुरी एक क्रीमरोल.
पत्ता: हार्लन टेट्रो, डिअर लॉज, मोंटाना.

हा माणूस त्यांना कुठे भेटला
ते त्यांनी दर वेळी वेगळं सांगितलं.
धंदा मात्र एकच: विजेच्या इंजिनाने
डोंगरावर मालगाडी चढवणे.
काकांचा खेकडा, कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत
मागून ढुशी देत कण्हणारा,
आणि हार्लनचं ते लांबलचक धूड,
फोटोत बर्फाने अर्धं पुसलेलं.

वीस बांधली होती, हार्लनने कळवलं, रशियासाठी.
लढाई संपली होती, दोस्ती संपायची होती.
इंजिनं तयार होईपर्यंत तीही संपली.
ठरलेलं लग्न मोडावं
आणि रुखवत मांडवातच राहावं, तशी ती
कारखान्याच्या आवारात उभी.
चाकं तिकडच्या रुंद रुळांना बेतलेली.
‘रुंद कसले? आपल्याहून सहा इंच कमीच. लिही हे.’
मी नाही लिहिलं.

पाच ब्राझीलला गेली, तीन शिकागोकडे,
बारा डोंगरात, हार्लनच्या हाताखाली.
तिथल्या पोरांनी त्यांना रशियाच्या मिशाळ मालकाचं
नाव ठेवलं: लिटल जो.
काका इतके हसले की चहा बशीतून सांडला.
‘आमच्याकडे असं केलं तर
तिसऱ्या दिवशी मेमो.’

एकदा ते म्हणाले, त्याला विचार,
घाट उतरताना तुमची मोटारसुद्धा
उलटी वीज करून तारेला देते का?
म्हणजे खाली येणारा वर जाणाऱ्याला ओढतो,
दोघांनी एकमेकांचं तोंडही न बघता.
मला शब्द येईना.
मी लिहिलं: आमची गाडी उतरताना उधारी फेडते.
दीड महिन्याने उत्तर आलं, एका ओळीचं.
आमचीही.

चौऱ्याहत्तर साली तिकडे तारा उतरवल्या.
तेल महाग झालेलं, सगळं जग रांगेत,
आणि यांनी तेव्हाच वीज सोडून डिझेल धरलं.
तांब्याला भाव होता म्हणे.
हार्लनने पार्सल धाडलं: वीतभर तार,
दोन्ही अंगांना खाच.
कस्टमवाल्यांनी साडेअकरा रुपये लावले.
काकांनी भरले, काकूंना सांगितले साडेतीन.
खाचेवरून नख फिरवत म्हणाले,
‘आपल्यासारखीच गं.’

नंतरची दोन पत्रं परत आली.
पाकिटावर जांभळा शिक्का, बोट दाखवणारा हात.

मग आपल्याकडचीही वेळ आली.
पंधराशे व्होल्ट गेले, पंचवीस हजार आले.
काका तेव्हा ब्याऐंशीचे. काठी टेकत
टॉवर वॅगनच्या पोरांकडे गेले,
वीतभर तार मागून आणली,
पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली.
‘पत्ता तुझ्याकडे असेल.’
पत्ता होता. माणूस नव्हता.
मी हो म्हटलं आणि ती कपाटात ठेवली,
काकांनंतरही कितीतरी वर्षं.

परवा नातीने फोनवर दाखवलं:
डिअर लॉजला एक लिटल जो अजून आहे,
जुन्या तुरुंगासमोर,
पॅन्टोग्राफवर आभाळ, तार नाही.

तर आज कॅम्पातलं पोस्ट.
काट्यावर पार्सल. फॉर्मवर मी लिहिलं:
वस्तू, तांब्याची तार, जुनी. किंमत, शून्य.
खिडकीतली बाई चष्म्यावरून बघते.
‘शून्य चालत नाही हो सिस्टिमला.
काहीतरी टाका.’

मागे रांग वाढते आहे.
मी पेन हातात धरून उभी,
साडेअकरा लिहू का
साडेतीन.