सव्वीस बाजार

सातऱ्यावर बसलं का मिरचीचा देठ मोडाचा,
टोपली भराची, किलोमागे पैसे.
संध्याकाळी हात असे पेटते
का ताकात बुडवले तरी विझत नाई.
त्या आगीचं नाव सगळ्याईले माहीत हाय.

दुसऱ्या आगीचं नाव नव्हतं माह्याजवळ.

मांडी घालून बसता येईना.
खाज अशी का डोळ्यात पानी,
अन् खाजवाचं कशानं?
ह्या हातानं? मिरचीच्या?
बाजूची सिंधू मेंढे हासे,
"काऊन व, मुंग्याच्या वारुळावर बसली का?"
मीबी हासली. हासाच लागते.

पोळ्याच्या मागेपुढे एकदा, दिवाळीनंतर एकदा.
संक्रांतीले वाण हातात घेऊन मागच्या दारी पळाली.
होळीले चवथ्यांदा.
दर वेळी तेच, इरजण फाटल्यावानी पांढरं,
वास नाई, निस्ती आग,
अन् लघवीले गेलं का आगीवर आग.

सासू म्हणे, उष्णता झाली, मिरची खाणं सोड.
सोडलं.
मिरचीत बसणं सोड म्हणून कोणी नाई सांगतलं.

मेडिकलवाल्याले कसं सांगू?
मागे सासऱ्याच्या वयाचा माणूस
खोकल्याच्या बाटलीसाठी उभा.
म्हटलं, "बाईच्या त्याच्यासाठी."
कागदात गुंडाळली ट्यूब, वरून काळी पन्नी.
तीन दिवस लावली, बरं वाटलं,
बाकीची ठेवून देली पुढच्या वेळेसाठी.
पुढची वेळ येईन हे मलेबी माहीत होतं, ट्यूबलेबी.
मग तुरटीचं पानी. मग कपड्याचा साबण.
जितकं धुतलं तितकं पेटलं.

नवऱ्याकडे पाठ करून झोपली, मधात उशी.
एका रात्री तो म्हणे, "माह्यावर राग हाय का?"
"नाई. दुखते."
"कुठं?"
बोटं पोटापाशीच थांबली.
कोपराले नाव हाय, घोट्याले नाव हाय,
एवढ्या तळहाताएवढ्या जाग्याले
निस्त्या शिव्या हायेत.

शेवटी तालुक्याचा दवाखाना, गजभिये मॅडम.
पडद्यामागे थंडं लोखंड, कापसाची काडी.
"वर्षात किती वेळा?"
"चार."
पहिल्यांदा कोणी मोजाले लावलं.
साखर तपासली, नाई निघाली.
पोटात पोर नाई ना, हे दोनदा विचारलं.
म्हणे, बुरशी हाय. लोणच्यावर येते ना, तशी.
मनात म्हटलं, लोणचं फेकता तरी येते.
"तुही चूक नाई," मॅडम म्हणे,
"काहीजणीले फिरून फिरून होते.
आधी पुरता इलाज,
मग हप्त्याले एक गोळी, सहा महिने,
बरं वाटलं तरी.
आत साबण नाई, तुरटी नाई.
ओली चड्डी घालाची नाई."

हप्ता म्हणजे बाजार.
शुक्रवारी वांगे, मीठ, फुटाणे, गोळी.
कॅलेंडरवर दर शुक्रवारी माह्या बोटाचा
लाल तिखट ठसा.
आठव्या बाजाराले उशी खाटेखाली गेली,
तिले कोणी हाकललं नाई, आपणच गेली.

पण चड्डी?
ती तर मोरीतल्या खिळ्यावर, लुगड्याखाली,
लुगड्यावर अजून टॉवेल,
तीन तीन दिवस ओलसर.
अन् बाहेर अख्ख्या गावाची मिरची
उन्हात उघडी पडून.
एक दिवस घेतली अन् टाकली
सातऱ्याच्या कडेच्या तारेवर.
दोन चिमटे. पिवळी होती, फुलाची.
सासूनं पाह्यलं अन् पदर तोंडात धरला.
मालकाचा पोरगा ताडपत्री ओढता ओढता
उगाच आभाळाकडे पाहून रायला.
दुपारपर्यंत कडकडीत वाळली.
दुनिया बुडाली नाई.

आज तेरावा बाजार झाला.
अर्धे रायले. मधात एकदा थोडी चुणचुण झाली,
रात्रभर झोप नाई लागली भेवानं, मग गेली.
पुढचं मॅडमलेबी पक्कं माहीत नाई,
तसं तिनं सांगतलंच होतं.

सुटीच्या वेळी सिंधू हात धूत होती.
माह्याकडे न पाहता म्हणे,
"ते मॅडम कोण्या दिवशी बसते व?"
"मंगळवारी."
मग मी हळूच विचारलं, "मुंग्या का?"

ती हासली नाई.